खोकं निघालं, पण पोचलं कुठे? अमेरिकेकडून घेतलेल्या लष्करी मालाचा माग

तैवाननं अमेरिकी सरकारकडून हेलिकॉप्टरच्या बॅटऱ्या घेतल्या होत्या. 2006 मध्ये माल पोचला आणि गोदामात लागला. पण त्या खोक्यांत बॅटऱ्या नव्हत्याच. मिनिटमन या आंतरखंडीय अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राच्या टोकाशी बसणारे चार फ्यूज-संच त्यात होते. अणुपदार्थ त्यात नव्हता, तरी हे भाग कुठल्याही परदेशाच्या हाती पडणं अमेरिकेच्या दृष्टीनं अत्यंत गंभीर होतं. मार्च 2005 मध्ये ते वायोमिंगमधल्या वॉरन हवाई तळावरून युटातल्या हिल तळावरच्या गोदामात आले होते आणि तिथून बॅटऱ्या समजून तैवानला रवाना झाले. गोदामाच्या तिमाही मोजणीत ही गोष्ट पकडली जायला हवी होती, ती गेली नाही. पुढे तैवाननं मागवलेल्या बॅटऱ्या मिळाल्या नाहीत असं कळवलं, तेव्हाही बराच काळ अमेरिकी अधिकाऱ्यांचा समज असाच राहिला की चुकीच्या प्रकारच्या बॅटऱ्या गेल्या असाव्यात. खरा प्रकार बाहेर आला तो मार्च 2008 मध्ये. त्याआधी 2007 मध्ये मायनॉट तळावरून अण्वस्त्रं चुकून विमानाला लावून नेल्याचा प्रकार घडलाच होता. दोन्ही मिळून जून 2008 मध्ये अमेरिकी हवाई दलाचे मंत्री मायकल विन आणि दलप्रमुख जनरल मायकल मोझली यांना पद सोडावं लागलं.

मालाचा माग म्हटलं की आपल्यासमोर नकाशा येतो आणि त्यावर सरकणारा ठिपका. तैवानच्या प्रकरणात असा ठिपका असता तर त्यानं खोकं अगदी बरोबर दाखवलं असतं, आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नसता. खोकं जिथे जायला हवं तिथेच गेलं होतं. आत काय आहे हे कुणी नीट पाहिलं नव्हतं आणि ज्याला माल मिळाला त्याचं म्हणणं योग्य माणसापर्यंत वेळेत गेलं नव्हतं. लष्करी विक्रीतल्या वाहतुकीचं दुखणं बहुतेक वेळा असंच असतं. एका हातातून दुसऱ्या हातात माल जातो, त्या जागी धागा तुटतो.

आधी ही खरेदी कशी चालते ते पाहू. अमेरिकेकडून शस्त्रं घेण्याचे दोन ठळक रस्ते आहेत. एक म्हणजे थेट कंपनीशी करार. दुसरा म्हणजे सरकार ते सरकार, ज्याला फॉरेन मिलिटरी सेल्स, म्हणजे एफएमएस म्हणतात. 1976 च्या आर्म्स एक्स्पोर्ट कंट्रोल अॅक्टखाली हा दुसरा रस्ता चालतो. त्यात ग्राहक देश अमेरिकी सरकारचं ‘लेटर ऑफ ऑफर अँड अॅक्सेप्टन्स’ सही करून स्वीकारतो, मग अमेरिकी संरक्षण खातं आपल्या गोदामातून माल देतं किंवा कंपनीकडून विकत घेऊन देतं. सगळ्या कारभारावर डिफेन्स सिक्युरिटी कोऑपरेशन एजन्सीची देखरेख असते. 2024 च्या अमेरिकी आर्थिक वर्षात या रस्त्यानं झालेल्या विक्रीचा आकडा 117.9 अब्ज डॉलर होता.

भारतानंही हा रस्ता बराच वापरला आहे. 2002 मध्ये तोफांचा ठावठिकाणा शोधणारी फायरफाइंडर रडारं, 2008 मध्ये सहा सी-130जे आणि 2011 मध्ये दहा सी-17 ही मालवाहू विमानं, 2016 मध्ये 145 एम777 तोफा, 2020 मध्ये नौदलासाठी 24 एमएच-60आर हेलिकॉप्टरं. यातली एम777 नोव्हेंबर 2018 मध्ये आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत समारंभपूर्वक तोफखान्यात दाखल झाली. विमान किंवा तोफ आली की फोटो निघतात, बातमी होते. पण त्या विमानाला पुढची वीस-पंचवीस वर्षं लागणारे बेअरिंग, सील, पंप, सर्किट कार्ड, टायर हे सगळं लहान लहान खोक्यांतून येत राहतं आणि त्याची बातमी कधीच होत नाही. तळावर विमान उभं राहतं ते याच खोक्यांपैकी एखादं वेळेवर न आल्यामुळे. म्हणून या विषयात मला विमानापेक्षा खोक्याची काळजी जास्त वाटते.

आता या व्यवहारातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी लोकांना ठाऊक असलेली अट. एफएमएसमध्ये मालाची मालकी साधारणपणे माल जिथून निघतो तिथेच बदलते. अमेरिकेतल्या गोदामाच्या किंवा कारखान्याच्या फाटकातून खोकं बाहेर पडलं की ते ग्राहक देशाचं झालं. त्यानंतर ते हरवलं, भिजलं, आपटलं तर जोखीम ग्राहकाची. विमा काढायचा का, हेही त्यानंच ठरवायचं. काही वेळा पुढची वाहतूक अमेरिकी लष्करच करतं, तरीही मालकी मात्र आधीच बदललेली असते. म्हणजे माल तुमचा, पण तो हजारो किलोमीटर लांब, दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या ट्रकमध्ये. अशा मालकाला आपला माल दिसला पाहिजे ही मागणी सोयीची नाही, हक्काची आहे.

वाहतूक कुणी कुठवर करायची हे ठरतं एका आकड्यावर. त्याला डिलिव्हरी टर्म कोड म्हणतात. आपल्याकडे मालट्रकच्या बिल्टीवर ‘पेड’ की ‘टू-पे’ लिहिलेलं असतं, त्याचाच हा मोठा भाऊ समजा. कोड 4 असेल तर निघण्याच्या जागेपासूनच सगळी वाहतूक ग्राहकाची. कोड 5 म्हणजे अमेरिकेतल्या अमेरिकेत, ग्राहकानं नेमलेल्या फ्रेट फॉरवर्डरच्या गोदामापर्यंत माल अमेरिकी सरकार पोचवणार, पुढचं ग्राहकानं बघायचं. 8 म्हणजे अमेरिकी बंदरात जहाजावर चढवेपर्यंत, 9 म्हणजे ग्राहकाच्या बाजूच्या बंदरापर्यंत, आणि 7 म्हणजे त्याच्या देशात आतल्या ठिकाणापर्यंत. सुट्या भागांचा मोठा ओघ कोड 5 नं वाहतो आणि घोळही तिथेच जास्त होतात.

या फ्रेट फॉरवर्डरची भूमिका नीट समजून घ्यायला हवी. तो ग्राहक देशानं पैसे देऊन नेमलेला अमेरिकेतला खासगी मध्यस्थ असतो. अमेरिकी लष्कराच्या वेगवेगळ्या डेपोंतून, म्हणजे गोदामांतून, आणि वेगवेगळ्या कंपन्यांतून येणारी खोकी तो गोळा करतो, निर्यातीची कागदपत्रं करतो, डीएसपी-94 हा एफएमएस मालासाठीचा निर्यात फॉर्म आणि कराराची प्रत अमेरिकी कस्टम्सकडे दाखल करतो, आणि पुरेसा माल जमला की मोठ्या पेटाऱ्यात किंवा कंटेनरमध्ये भरून विमानानं वा जहाजानं पाठवतो. चांगला फॉरवर्डर हे काम चोख करतो. पण त्याची नेमणूक पुष्कळदा सर्वांत कमी दराच्या निविदेवर होते, आणि गोदामात आलेलं प्रत्येक खोकं उघडून, मोजून, जुळवून घ्यायला माणसं लागतात.

एका खोक्याबरोबर चालत जाऊन पाहू. समजा, हेलिकॉप्टरच्या रोटरचं एक बेअरिंग हवं आहे. त्या वस्तूला 13 अंकी नॅशनल स्टॉक नंबर आहे. ग्राहक देशाच्या मागणीला 14 अक्षरांचा डॉक्युमेंट नंबर मिळतो. डेपोतून माल निघताना त्या खेपेला 17 अक्षरांचा ट्रान्सपोर्टेशन कंट्रोल नंबर लागतो आणि तो खोक्यावरच्या लेबलवर छापला जातो. ट्रक कंपनी आपला स्वतःचा नंबर देते. फॉरवर्डरकडे खोकं आलं की त्याच्या गोदामाचा पावती क्रमांक. मग ते खोकं इतर चाळीस खोक्यांबरोबर एका लाकडी पेटाऱ्यात जातं, आणि 17 अक्षरांचं ते लेबल पेटाऱ्याच्या आत बंद होतं. बाहेर आता पेटाऱ्याचा नंबर. विमानानं गेलं तर एअर वे बिल, म्हणजे विमानाच्या बिल्टीचा नंबर, जहाजानं गेलं तर कंटेनर नंबर आणि बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजाची बिल्टी. उतरल्यावर आपल्या कस्टम्सचा बिल ऑफ एंट्री नंबर. तळावरच्या स्टोअरमध्ये पोचेपर्यंत त्या एका बेअरिंगला सात-आठ ओळखी मिळालेल्या असतात.

यातला कुठलाही नंबर चुकीचा नसतो. पेटाऱ्याच्या पॅकिंग लिस्टमध्ये आतल्या प्रत्येक खोक्याचा मूळ डॉक्युमेंट नंबर कुणी लिहिला नाही, एवढंच झालेलं असतं. मग तळावरचा स्टोअर-अधिकारी डॉक्युमेंट नंबर टाकून विचारतो तेव्हा उत्तर मिळतं, ‘फॉरवर्डरला दिलं, सही आहे.’ फॉरवर्डरला विचारलं तर तो म्हणतो, ‘या नंबरचं काही दिसत नाही, एअर वे बिल सांगा.’ दोघंही खरंच बोलत असतात, आणि बेअरिंग मात्र कुठल्या तरी बंदरात पेटाऱ्यात पडून असतं.

माल डेपोतून न निघता थेट कंपनीच्या दारातून निघाला की आणखी एक कडी गळते. डेपोच्या यंत्रणेत त्याची हालचाल आपोआप नोंदली जात नाही, कंपनीनं पाठवल्याची नोंद केली तरच ती दिसते.

पत्त्याचीही एक मोठी भानगड आहे. एफएमएसच्या मागणीत पूर्ण पत्ता लिहीत नाहीत, पत्त्याचा कोड लिहितात. कोणत्या कोडचा कोणता पत्ता हे एका मोठ्या यादीत असतं, तिला एमएपीएडी म्हणतात. देशानं फॉरवर्डर बदलला, पण या यादीत नवा पत्ता भरला नाही, तर संगणक मुकाट्यानं जुन्याच्या गोदामात माल पाठवत राहतो. जुन्याचा करार संपलेला, त्याला तो माल पुढे पाठवायचे पैसे कुणी देणार नाही. या प्रकाराला तोड म्हणून कुठलंही महाग तंत्रज्ञान लागत नाही. फॉरवर्डर बदलण्याच्या फायलीतच ‘पत्तायादी दुरुस्त केली, तपासली’ अशी एक सही बंधनकारक करावी लागते. माझ्या मते या सगळ्या सुधारणांतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त फळ देणारी हीच आहे.

काही माल असा असतो की तो सांगितल्याशिवाय पाठवून चालत नाही: स्फोटकं, गोपनीय उपकरणं, अवजड यंत्रं. त्यासाठी ‘नोटीस ऑफ अव्हेलेबिलिटी’ पाठवतात, म्हणजे माल तयार आहे, कधी आणि कुणाकडे पाठवू, अशी विचारणा. मागणीवर कोणता कोड आहे त्यावर पुढचं ठरतं. ‘वाय’ असेल तर 15 दिवस वाट पाहून माल निघतो, ‘झेड’ असेल तर उत्तर येईपर्यंत जागचा हलत नाही. फॉरवर्डरच्या ईमेलमध्ये ती नोटीस न वाचता राहिली, की ‘झेड’चा माल बसून राहतो आणि ग्राहक समजतो अमेरिकेनं उशीर केला.

हे सगळं एका पडद्यावर दिसावं म्हणून सिक्युरिटी कोऑपरेशन इन्फर्मेशन पोर्टल आहे. त्यात करार, मागण्या, बिलं यांची माहिती ग्राहक देशाला पाहता येते. त्याच पोर्टलमध्ये एन्हान्स्ड फ्रेट ट्रॅकिंग सिस्टिम, म्हणजे ईएफटीएस, जोडली आहे. डेपो, वाहतूकदार, बंदरं यांच्या वेगवेगळ्या यंत्रणांतून येणाऱ्या नोंदी ती एकत्र करते, म्हणजे डॉक्युमेंट नंबर टाकला की ट्रान्सपोर्टेशन कंट्रोल नंबर आणि पुढचे टप्पे एका ओळीत यावेत. फॉरवर्डर आणि शेवटी माल घेणारं स्टोअर या दोघांनाही आपली नोंद इथे टाकता येते.

कल्पना उत्तम आहे आणि मी तिच्या पूर्ण बाजूचा आहे. पण तिचं बळ या शेवटच्या दोन नोंदींवर अवलंबून आहे. अमेरिकी डेपोच्या नोंदी यंत्रातून आपोआप येतात. फॉरवर्डरनं ‘मिळालं’ आणि ‘निघालं’ लिहिलं तरच मधला प्रवास दिसतो, आणि तळावरच्या स्टोअरनं पोच टाकली तरच प्रवास संपल्याचं कळतं. ती पोच टाकायला वेळ एक मिनिट लागतो. तरीही ती राहते, कारण माल हातात आला की त्या माणसाची गरज भागलेली असते आणि नोंद दुसऱ्याच्या उपयोगाची वाटते. शिवाय पोर्टलमध्ये शिरण्यासाठी लागणारी टोकन्स ग्राहक देशाच्या अधिकाऱ्यानंच आपल्या लोकांना वाटायची असतात. राजधानीतल्या दोन टेबलांवर टोकन आणि तळावर एकही नाही अशी वाटणी झाली, तर ज्याला खोकं दिसतं त्याला पडदा दिसत नाही आणि ज्याला पडदा दिसतो त्याच्यासमोर खोकं नसतं.

मग घरपोच पार्सलसारखं सगळ्यांनाच का दाखवत नाहीत? कारण क्षेपणास्त्रं घेऊन निघालेला ट्रक आज रात्री कुठे थांबणार, ही माहिती चुकीच्या माणसाच्या फार कामाची आहे. गोपनीय माल आणि दारूगोळा यांसाठी वेगळी वाहतूक योजना आधी लिहून मंजूर करावी लागते, आणि तो अमेरिकी लष्कराच्या स्वतःच्या वाहतूक व्यवस्थेतून किंवा खास मंजुरी असलेल्या फॉरवर्डरमार्फतच जातो. म्हणून मागोवा उघडा असावा ही अपेक्षा इथे ठेवताच येत नाही. ज्याला अधिकार आहे त्याला पुरेसं आणि वेळेत दिसावं, एवढंच मागता येतं.

तरी योजना कागदावर असून माल भरकटतो. 2014 मध्ये हेलफायर क्षेपणास्त्राचा एक सरावाचा नमुना, स्फोटक नसलेला, नाटोच्या सरावासाठी अमेरिकेतून स्पेनला गेला होता. परतीच्या वाटेवर वाहतूकदारांच्या हातांतून फिरत तो पॅरिसमार्गे थेट क्युबातल्या हवानाला पोचला. 2016 च्या फेब्रुवारीत क्युबानं तो परत केला. ही सरकारी विक्रीची खेप नव्हती, पण मालाची वाट चुकली ती अशाच मध्यस्थांच्या हाती, आणि चूक लक्षात येईपर्यंत विमान उडालेलं होतं.

यंत्रांवर मी थोडक्यात आटोपतो. 1991 च्या आखाती युद्धात अमेरिकेनं सुमारे 40,000 कंटेनर तिकडे नेले आणि त्यातले निम्म्याहून अधिक, आत काय आहे हे कळेना म्हणून, उघडून पाहावे लागले. त्या धड्यातून रेडिओ टॅग आले. कंटेनरवर टॅग, बंदरात वाचक यंत्र, आणि टॅगमध्येच आतल्या मालाची यादी. स्वतःच्या सैन्यासाठी अमेरिकेनं यावर मोठा खर्च केला. पण ग्राहक देशाच्या बंदरात तो टॅग वाचणारं यंत्र नसेल, किंवा फॉरवर्डरनं माल दुसऱ्या कंटेनरमध्ये भरला असेल, तर टॅग नुसता चिकटलेला राहतो. खोक्यावर छापलेला साधा बारकोड आणि तो प्रत्येक हातबदलाला स्कॅन करायची शिस्त, हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

चूक झाल्यावर काय, हेही आधीच ठाऊक हवं. माल कमी आला, तुटका आला, भलताच आला, तर ग्राहकानं सप्लाय डिस्क्रेपन्सी रिपोर्ट, म्हणजे एसडीआर, भरायचा असतो. त्याला साधारण एक वर्षाची मुदत आहे आणि 200 डॉलरपेक्षा कमी किमतीच्या तक्रारी घेतल्या जात नाहीत. वर्ष पुष्कळ वाटतं. पण खोकं फॉरवर्डरकडे तीन महिने, समुद्रात दीड-दोन महिने, बंदरात महिनाभर आणि मग तळावरच्या गोदामात न उघडता चार महिने राहिलं, तर चूक कळते तेव्हा मुदत सरत आलेली असते. म्हणून माल आल्यावर किती दिवसांत खोकं उघडून जुळवायचं याचा ग्राहकाच्या बाजूचा नियम हवा, आणि फॉरवर्डरच्या करारात ‘आलेल्या प्रत्येक खोक्याची मोजणी आणि बाहेरून दिसणाऱ्या नुकसानीचे फोटो’ हे कलम हवं. तैवाननं तक्रार केली म्हणून तरी ते फ्यूज-संच सापडले, हे विसरून चालणार नाही.

पैशाचा हिशेबही याला चिकटलेला आहे. अमेरिकी सरकार जिथे वाहतूक करतं तिथे पुष्कळदा प्रत्यक्ष भाडं न लावता मालाच्या किमतीवर ठरावीक टक्के लावले जातात. हिशेब सोपा होतो, पण एखाद्या खेपेला खरंच किती खर्च आला हे ग्राहकाला दिसत नाही. अमेरिकी संसदेची लेखापरीक्षण संस्था, गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस, हिनं दाखवून दिलं की ग्राहकांकडून घेतलेल्या वाहतूक शुल्काच्या खात्यातली शिल्लक 2018 च्या आर्थिक वर्षाअखेर 68 कोटी डॉलरच्या घरात गेली होती. ग्राहक देशांनी दिलेला पैसा खर्चाच्या कितीतरी पुढे साठला होता. खेपेनुसार माग असेल तरच खेपेनुसार खर्च कळेल.

आपल्या बाजूलाही शेवटचा टप्पा आहेच. परदेशातून येणारा लष्करी माल बंदरातून सोडवायचं काम सैन्याची एम्बार्केशन मुख्यालयं करतात, त्यातलं एक मुंबईत आहे. कागद जहाजाच्या आधी पोचले तर माल लगेच सुटतो, जहाजानंतर पोचले तर डिमरेज, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याचं शुल्क, चढत जातं. फॉरवर्डरनं जहाज सुटल्याच दिवशी पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग आणि डॉक्युमेंट नंबरांची यादी पाठवायची, ही एवढी अट करारात घातली तरी बंदरातले अनेक दिवस वाचतात.

अमेरिकेत 9 एप्रिल 2025 ला राष्ट्राध्यक्षांनी परदेशी शस्त्रविक्रीत वेग आणि जबाबदारी आणण्यासाठी आदेश काढला. त्यात थेट विक्रीचे परवाने आणि एफएमएसची प्रकरणं सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकाच इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत पाहता यावीत, अशा योजनेची मागणी आहे. ती यंत्रणा करारावरच्या सहीपासून सुरू होईल यात शंका नाही. ती संपते कुठे, याकडे खरेदीदार देशांनी आत्ताच बोट ठेवायला हवं. अमेरिकी गोदामाच्या फाटकाशी संपली तर ती विकणाऱ्याच्या सोयीची. फॉरवर्डरच्या दोन्ही नोंदी आणि तळावरची पोच तिच्यात सक्तीच्या रकान्यात आल्या, तर नव्या करारांच्या वाटाघाटीत भारतासारख्या ग्राहकाला त्यासाठी स्वतःच्या स्टोअरवाल्यांना टोकन, स्कॅनर आणि प्रशिक्षण द्यायची तयारी ठेवावी लागेल.